नेल टेक्निशियनचा पहिला अभ्यासक्रम निवडताना : प्रमाणपत्राआधी तपासावयाच्या गोष्टी

नवी दिल्ली : ‘सात दिवसांत व्यावसायिक नेल आर्टिस्ट व्हा’, ‘नोकरीची हमी’, ‘किट मोफत’ अशा आशयाच्या जाहिराती आता महानगरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावातील ब्युटी पार्लरच्या काचेवर आणि मोबाइलच्या पडद्यावरही त्या सर्रास दिसतात. पूर्वी पार्लरमधील नखांचे काम म्हणजे मॅनिक्युअर, पेडिक्युअर आणि नेलपॉलिश एवढेच मानले जात असे. जेल पॉलिश, कृत्रिम नखे आणि नखांवरील नक्षीकाम यांना मागणी वाढल्यानंतर नेल टेक्निशियन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला. मोठी जागा लागत नाही, अवजड यंत्रसामग्री लागत नाही आणि घरातूनही काम सुरू करता येते. त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या तरुणींपासून नोकरी सोडलेल्या गृहिणींपर्यंत अनेकजणी या क्षेत्राकडे वळत आहेत. तरुणांचीही संख्या त्यात आहे.

या प्रवासातील पहिला आणि बहुधा सर्वांत महागडा निर्णय असतो तो प्रशिक्षणाचा. शुल्क काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जाते. ही रक्कम पुष्कळदा घरातील बचतीतून, दागिने गहाण ठेवून किंवा बचत गटाच्या कर्जातून उभी केलेली असते. ती ज्या अभ्यासक्रमासाठी खर्च होणार, तो पारखण्याची जबाबदारी मात्र जवळजवळ संपूर्णपणे विद्यार्थ्यावरच पडते.

याचे कारण साधे आहे. भारतात नेल टेक्निशियन म्हणून काम करण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर कोणताही व्यावसायिक परवाना बंधनकारक नाही. अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथे न्यूयॉर्क राज्यात असा परवाना मिळविण्यासाठी २५० तासांचे, तर टेक्सासमध्ये ६०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आपल्याकडे अशी किमान तासांची अट नसल्याने दोन दिवसांचा वर्गही ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ म्हणून विकला जाऊ शकतो. म्हणूनच चांगला अभ्यासक्रम कसा ओळखावा, हे प्रवेश घेण्यापूर्वीच समजून घेणे आवश्यक ठरते.

नखांच्या कामाचे चार भाग

या व्यवसायातील कामाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला भाग नैसर्गिक नखांच्या निगेचा. नख कापणे, फाइलने आकार देणे, नखावर चिकटलेला मृत पापुद्रा काढणे आणि हातापायांची स्वच्छता यांचा त्यात समावेश होतो. दुसरा भाग जेल पॉलिशचा. हे पॉलिश साध्या नेलपॉलिशप्रमाणे हवेत वाळत नाही, ते विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात कडक करावे लागते. तिसरा भाग नखांची लांबी वाढविण्याचा, म्हणजेच एक्स्टेन्शनचा. त्यासाठी तयार टिप चिकटवून किंवा नखाखाली कागदी साचा लावून त्यावर अ‍ॅक्रिलिक अथवा जेलचा थर चढविला जातो. चौथा भाग नक्षीकामाचा, ज्याला सर्वसाधारणपणे नेल आर्ट म्हटले जाते.

याखेरीज एक पाचवे काम आहे, त्याचा जाहिरातींत उल्लेख क्वचितच आढळतो. ते म्हणजे लावलेले जेल किंवा अ‍ॅक्रिलिक सुरक्षितपणे काढणे, आणि नख वाढल्यावर मुळाशी पडलेली जागा भरून देणे, ज्याला रिफिल म्हणतात. ग्राहक नेल आर्टमुळे पहिल्यांदा येतो, पण पुन्हा येतो तो काढताना नख सोलून निघाले नाही म्हणून. ज्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात ‘रिमूव्हल’ आणि ‘रिफिल’ यांसाठी स्वतंत्र वेळ नाही, तो अपुरा आहे असे निःसंकोच समजावे.

अनेक लघु अभ्यासक्रम पहिल्याच दिवशी नक्षीकामाने सुरू होतात, कारण त्याची छायाचित्रे आकर्षक दिसतात. हा पाया न घालता कळस चढविण्याचा प्रकार होय. नवशिक्याने नैसर्गिक नखांची निगा, जेल पॉलिश, एक्स्टेन्शन आणि नंतर नक्षीकाम या क्रमाने पुढे जाणारा अभ्यासक्रम निवडणे हिताचे असते.

नखाची रचना शिकविली जाते का?

बोटावर दिसणारे कठीण नख म्हणजे केराटिन या प्रथिनाचे थर असतात. ते मृत पेशींचे बनलेले असल्याने कापताना दुखत नाही. त्याची निर्मिती मात्र नखाच्या मुळाशी, त्वचेखाली असलेल्या मॅट्रिक्स नावाच्या जिवंत भागात होते. मॅट्रिक्सला इजा झाली, तर पुढे उगवणारे नख खडबडीत किंवा वेडेवाकडे येऊ शकते. हाताचे नख महिन्याला साधारणतः ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख येण्यास सुमारे ६ महिने लागतात, तर पायाच्या अंगठ्याच्या नखाला १२ ते १८ महिने. मशिनने नखाचा पृष्ठभाग गरजेपेक्षा अधिक घासला गेला, तर त्याची खूण ग्राहकाच्या हातावर इतका काळ राहते.

फाइलच्या खरखरीतपणाचे आकडेही याच कारणास्तव महत्त्वाचे आहेत. आकडा जितका लहान, तितकी फाइल अधिक खरखरीत. १०० क्रमांकाची फाइल अ‍ॅक्रिलिकचा जाड थर उतरविण्यासाठी असते. नैसर्गिक नखावर १८० ते २४० किंवा त्याहून बारीक फाइल वापरावी लागते. हा फरक न समजता काम करणारा टेक्निशियन नकळत ग्राहकाचे नख कागदासारखे पातळ करून ठेवतो.

कोणाच्या नखावर काम करू नये, हे शिकविणे हा चांगल्या अभ्यासक्रमाचा आणखी एक निकष आहे. बुरशीमुळे जाड व पिवळे झालेले नख, जंतुसंसर्गामुळे हिरवट पडलेले नख, बोटापासून सुटलेले नख किंवा कडेला सूज व पू असलेले बोट दिसल्यास काम थांबवून ग्राहकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागते. नखावर नव्याने उमटलेला काळपट उभा पट्टा क्वचित प्रसंगी त्वचेच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकतो. अशा नखावर रंग चढवून तो झाकणे म्हणजे निदानाला विलंब लावणे. मधुमेही ग्राहकाच्या पायाला पेडिक्युअर करताना झालेली लहानशी जखमही चिघळू शकते, हेही विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे. टेक्निशियनने निदान करावयाचे नसते. आपल्या कामाची मर्यादा ओळखणे मात्र त्याच्याकडून अपेक्षित असते.

रसायनांची ओळख : ग्राहकाइतकीच स्वतःसाठी

अभ्यासक्रमाची खरी कसोटी लागते ती रसायनांच्या प्रकरणात. जेल आणि अ‍ॅक्रिलिक ही दोन्ही उत्पादने अ‍ॅक्रिलेट या रसायनांच्या कुटुंबातील आहेत. दातांच्या उपचारांत आणि अस्थिशस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या काही पदार्थांशी त्यांचे जवळचे नाते आहे. द्रव अवस्थेतील लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक थर तयार होतो. ही प्रक्रिया पूर्ण झाली, की तो थर बहुतांशी निरुपद्रवी असतो. धोका असतो तो न जोडल्या गेलेल्या, म्हणजेच कच्च्या राहिलेल्या रसायनाचा त्वचेशी वारंवार संपर्क येण्यात.

अशा संपर्कातून अ‍ॅलर्जी निर्माण होऊ शकते. बोटांच्या टोकांना खाज, लाली, भेगा, नख सुटणे, तर काही वेळा हात लागल्याने पापण्यांवर आणि मानेवर पुरळ अशी लक्षणे दिसतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली, की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांच्या उपचारांत किंवा शस्त्रक्रियेत त्याच कुटुंबातील पदार्थ वापरण्याची वेळ आल्यास अडचण उद्भवू शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. ग्राहक महिन्यातून एकदा येतो, टेक्निशियन मात्र दिवसभर त्याच रसायनांत वावरतो. साहजिकच सर्वाधिक धोका त्यालाच असतो. शिकण्यासाठी घातलेला पैसा, जमविलेले ग्राहक आणि हातातील कसब हे सारे एका अ‍ॅलर्जीमुळे सोडून द्यावे लागू शकते.

म्हणूनच प्रशिक्षण केंद्रात प्रवेश घेण्यापूर्वी दोन-तीन प्रश्न थेट विचारावेत. पहिला प्रश्न दिव्याबाबतचा. जेल कडक करणारे दिवे साधारणतः ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतात. प्रत्येक जेलमधील प्रकाशाला प्रतिसाद देणारा घटक वेगळा असू शकतो. दिवा आणि जेल यांचा मेळ नसेल, दिवा जुना झाला असेल किंवा थर जाड असेल, तर वरून कडक दिसणारे जेल आतून कच्चे राहते. हा भाग समजावून सांगणारा प्रशिक्षक विषय जाणणारा आहे असे मानता येते. ‘कोणताही दिवा चालतो’ असे उत्तर मिळाल्यास सावध व्हावे.

दुसरा प्रश्न अ‍ॅक्रिलिकच्या द्रवाबाबत. या कामासाठी सामान्यतः इथाइल मेथाक्रिलेट वापरले जाते. स्वस्त पर्याय म्हणून काही ठिकाणी ‘एमएमए’ अर्थात मिथाइल मेथाक्रिलेट वापरले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नखांना इजा आणि त्वचादाहाच्या तक्रारींनंतर १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच केवळ या द्रवापासून बनविलेल्या नखांच्या उत्पादनांविरुद्ध कारवाई केली होती. एमएमएचा वास अतिशय उग्र असतो. त्यापासून बनलेले नख कमालीचे कठीण होते आणि अ‍ॅसिटोनमध्ये सहज विरघळत नाही. असे कृत्रिम नख कशात अडकले, तर ते तुटण्याऐवजी खालच्या खऱ्या नखाला उखडून घेते.

तिसरा प्रश्न युरोपातील नव्या नियमांविषयीचा. ‘हेमा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट असलेली नखांची उत्पादने युरोपीय संघात २०२१ पासून केवळ व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित करण्यात आली आहेत. जेलमध्ये वापरला जाणारा ‘टीपीओ’ हा घटक तर १ सप्टेंबर २०२५ पासून तेथील सौंदर्यप्रसाधनांत पूर्णतः वर्ज्य ठरला आहे. हे नियम भारतात लागू नाहीत. तरीही विद्यार्थ्यांना बाटलीवरील घटकांची यादी वाचायला शिकविणारा प्रशिक्षक आणि केवळ रंगांचा तक्ता दाखविणारा प्रशिक्षक यांतील अंतर या प्रश्नातून स्पष्ट होते.

हातमोज्यांबाबतही गैरसमज आहे. नायट्राइलचे पातळ हातमोजे उपयुक्त असले, तरी ही रसायने त्यांतून थोड्या वेळात आरपार जाऊ शकतात. द्रव सांडल्यास मोजे लगेच बदलावे लागतात. त्वचेला उत्पादनाचा स्पर्शच होणार नाही अशी हाताची सवय लावून घेणे हेच खरे संरक्षण होय, आणि ती सवय केवळ देखरेखीखालील सरावानेच लागते.

किती दिवस नव्हे, किती तास

अभ्यासक्रमांची तुलना दिवसांवर किंवा शुल्कावर न करता हाताने काम करण्याच्या तासांवर करावी. एक काल्पनिक हिशेब पाहू.

समजा, एका संस्थेचा अभ्यासक्रम ७ दिवसांचा, रोज ४ तासांचा आणि २०,००० रुपये शुल्काचा आहे. एकूण २८ तास झाले. त्यांपैकी निम्मे तास माहिती व प्रात्यक्षिक पाहण्यात गेले, तर स्वतः काम करण्यासाठी १४ तास उरतात. दोन्ही हातांच्या दहा नखांना एक्स्टेन्शन करण्यास नवशिक्याला साडेतीन तास सहज लागतात. म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमात फार तर ४ वेळा पूर्ण काम होणार, आणि त्यातच अ‍ॅक्रिलिक, जेल, नक्षीकाम व काढणे हे सर्व बसवायचे.

दुसऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम ८ आठवड्यांचा, आठवड्यातून ५ दिवस, रोज ३ तासांचा आणि ३६,००० रुपये शुल्काचा आहे. एकूण १२० तासांपैकी ३० तास माहितीत गेले, तरी ९० तास सरावाला मिळतात. साधारणतः २५ वेळा पूर्ण काम करता येते. सरावाच्या एका तासाचा खर्च पहिल्या ठिकाणी सुमारे १,४३० रुपये, तर दुसऱ्या ठिकाणी ४०० रुपये पडतो. वरकरणी स्वस्त दिसणारा अभ्यासक्रम प्रत्यक्षात तिपटीहून अधिक महाग ठरतो.

यात तुकडीतील विद्यार्थिसंख्येचाही विचार करावा. पहिल्या संस्थेत १५ विद्यार्थ्यांमागे एकच प्रशिक्षक असेल, तर त्या १४ तासांत प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे तासभरही लक्ष येत नाही. सहा जणांच्या तुकडीत ९० तासांतून प्रत्येकी १५ तास मिळतात. चुकीची फाइल धरलेला हात त्याच क्षणी दुरुस्त करणारे कोणी नसेल, तर सरावाने चूकच पक्की होते.

सराव कशावर होणार, हेही विचारावे. प्रारंभी प्लास्टिकच्या हातावर किंवा सुट्या टिपवर काम करणे योग्यच आहे. परंतु प्लास्टिकचा हात हलत नाही, त्याला घाम येत नाही, त्याची त्वचा रसायनाने लाल होत नाही आणि दिव्याखाली जेल तापल्यास तो हात मागे घेत नाही. या सर्व गोष्टी जिवंत माणसाच्या हातावरच समजतात. अभ्यासक्रमात किमान किती व्यक्तींवर काम करावयाचे आहे, त्या व्यक्ती संस्था आणणार की विद्यार्थ्याने आणावयाच्या, याचे उत्तर लेखी असावे.

ध्वनिचित्रफितींद्वारे चालणाऱ्या अभ्यासक्रमांची उपयुक्तता याच मुद्द्यावर ठरते. नखाची रचना, उत्पादनांची माहिती, रंगसंगती आणि ग्राहकांशी संवाद हे विषय घरबसल्या शिकता येतात. दूरच्या गावी राहणाऱ्यांना त्याचा लाभही होतो. मशिनचा दाब किंवा अ‍ॅक्रिलिकमधील द्रव आणि पावडर यांचे प्रमाण मात्र पडद्यावरून हाताला कळत नाही. पहिला अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचा घ्यावा आणि पुढील नक्षीकाम ऑनलाइन शिकावे, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो.

‘सरकारमान्य’ म्हणजे नेमके काय?

जाहिरातींतील ‘सरकारमान्य’ हा शब्द सर्वाधिक दिशाभूल करणारा ठरू शकतो. संस्थेने सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर ती केवळ व्यवसायाची नोंदणी असते. आयएसओ प्रमाणपत्र व्यवस्थापनाच्या पद्धतीसंबंधी असते. या दोहोंपैकी कशानेही अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही.

अभ्यासक्रमाची मान्यता पाहण्याचा मार्ग वेगळा आहे. देशातील कौशल्य प्रशिक्षणासाठी डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला. त्याला ‘एनएसक्यूएफ’ असे म्हणतात. अभ्यासक्रमांचे नियमन राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद करते आणि सौंदर्य क्षेत्रातील कामांची मानके ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल ठरविते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी ‘नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तेथे अभ्यासक्रमाची पातळी, तासांची संख्या आणि प्रमाणपत्र देणारी संस्था यांचा तपशील असतो. संस्थेने सांगितलेले नाव या नोंदवहीत आहे का, परीक्षा संस्था स्वतः घेणार की बाहेरील परीक्षक, आणि प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असणार, या तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात.

कमी खर्चाचे सरकारी पर्यायही उपलब्ध आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये म्हणजेच आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. त्यात केस, त्वचा व मेकअपसोबत हातापायांच्या निगेचाही समावेश असतो. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतील अल्पकालीन प्रशिक्षण उमेदवारांना विनाशुल्क मिळते. आपल्या जिल्ह्यातील केंद्रे व त्यांतील अभ्यासक्रम ‘स्किल इंडिया डिजिटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. शाळा मध्येच सुटलेल्या महिलांसाठी जन शिक्षण संस्थान हा पर्याय आहे. १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने सुरू झालेल्या उपक्रमातून देशभर पसरलेल्या या संस्थांमध्ये सौंदर्यसेवेचे प्राथमिक प्रशिक्षण माफक शुल्कात दिले जाते. यांपैकी केंद्राच्या योजना सर्व राज्यांत असल्याने इंदूर, बडोदे, बेळगाव वा हैदराबाद येथील मराठी वाचकांनाही त्यांचा लाभ घेता येईल.

या पर्यायांची मर्यादाही लक्षात घ्यावी. नखांसाठीचा स्वतंत्र अभ्यासक्रम प्रत्येक जिल्ह्यात उपलब्ध असेलच असे नाही, आणि सर्वसाधारण सौंदर्यसेवेच्या अभ्यासक्रमात एक्स्टेन्शनला वेळ कमी मिळू शकतो. अशा वेळी सरकारी केंद्रातून पाया पक्का करून नंतर एक्स्टेन्शनसाठी खासगी संस्थेत कमी कालावधीचा वर्ग लावणे, हा मध्यममार्ग अनेकांना परवडण्याजोगा आहे. परदेशात किंवा जहाजांवरील स्पामध्ये नोकरीचा विचार असल्यास मात्र स्वित्झर्लंडस्थित ‘सिडेस्को’सारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांची पदविका उपयोगी ठरू शकते. तिचे शुल्क मोठे असते. गावात किंवा शहरात स्वतःचे काम सुरू करू इच्छिणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर तिची गरज नसते.

शुल्क, किट आणि पावती

सांगितलेल्या शुल्कात वस्तू व सेवा कर, परीक्षा शुल्क, प्रमाणपत्राचा खर्च आणि सरावाचे साहित्य समाविष्ट आहे का, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. ‘मोफत किट’मध्ये काय आहे याची वस्तुनिहाय यादी मागावी. पंचवीस रंगांच्या बाटल्यांपेक्षा योग्य क्षमतेचा दिवा, चांगल्या फाइली, धूळ शोषणारे यंत्र आणि निर्जंतुकीकरणाचे साहित्य अधिक मोलाचे असते.

किटमधील बाटल्यांवरील लेबल वाचावे. भारतातील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार लेबलवर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत असणे आवश्यक आहे. आयात केलेल्या प्रसाधनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचे नाव असावे लागते. विद्यार्थ्यांना लेबल नसलेल्या बाटल्या देणारी संस्था सुरक्षिततेबाबत किती गंभीर आहे, याचे उत्तर तेथेच मिळते.

संपूर्ण शुल्क एकरकमी भरण्याचा आग्रह होत असल्यास हप्त्यांची मागणी करावी. प्रत्येक रकमेची पावती आणि शुल्क परतीचे नियम लेखी घ्यावेत. ‘नोकरीची हमी’ या शब्दांमागे कोणते सलून, कोणते काम आणि किती वेतन आहे, हे विचारावे. उत्तर केवळ तोंडी मिळत असेल, तर ती हमी धरू नये. फसवणूक झाल्याचे आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जाहिरातीची प्रत आणि पावत्या जपून ठेवल्यास तिला बळ मिळते.

एक तास वर्गात बसून पाहा

निर्णयापूर्वी चालू वर्गात एक तास बसण्याची परवानगी मागावी. खोलीत हवा खेळती आहे का, की बंद वातानुकूलित खोलीत वास कोंडला आहे? रसायनांत भिजलेले बोळे झाकणाच्या डब्यात टाकले जातात का? एका व्यक्तीवर वापरलेली फाइल दुसऱ्यावर वापरली जाते का? धातूची साधने आधी धुऊन मग निर्जंतुक केली जातात, की केवळ पुसून ठेवली जातात? प्रशिक्षक स्वतः काम करताना ताठ बसतो का? वर्षानुवर्षे वाकून बसल्याने मान व पाठ जाते, हे या व्यवसायातील न बोलले जाणारे दुखणे आहे.

घरातून काम करू इच्छिणाऱ्यांना आणखी एक बाब शिकविली जाणे गरजेचे आहे. अ‍ॅसिटोन आणि अ‍ॅक्रिलिकचा द्रव ज्वालाग्राही असतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोपऱ्यात, गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातील दिव्याशेजारी हे काम करणे धोक्याचे आहे. लहान मुले झोपत असलेल्या खोलीत घासलेल्या नखांची धूळ उडू देऊ नये. आपल्याकडील लहान घरांचा विचार करून या सूचना देणारा प्रशिक्षक खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याला कामासाठी तयार करीत असतो.

शक्य असल्यास त्या संस्थेतून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलावे. संस्थेने निवडून दिलेल्या नावांवर विसंबू नये. ‘तुम्ही आज काय काम करता’ आणि ‘पहिल्या ग्राहकाचे काम करताना काय येत नव्हते’ हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

अभ्यासक्रमानंतर

चांगला अभ्यासक्रमही टेक्निशियन घडवितो तो केवळ प्रारंभापुरता. त्यानंतर काही महिने एखाद्या सलूनमध्ये साहाय्यक म्हणून काम केल्यास हाताचा वेग वाढतो आणि बिघडलेली नखे दुरुस्त करण्याचा अनुभव मिळतो. स्वतःचे काम सुरू करणाऱ्यांसाठी उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज मिळू शकते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर बहुतांश राज्यांत वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. काही विशेष श्रेणीच्या राज्यांत ही मर्यादा १० लाख रुपये आहे.

कर्ज काढण्याचा विचार मात्र अभ्यासक्रमासाठी नव्हे, तर काम हाती आल्यानंतर साहित्यासाठी करावा, हे अधिक शहाणपणाचे ठरते. प्रवेशासाठी ‘आजच भरल्यास सवलत’ असे सांगितले जाते तेव्हा एक दिवस थांबून वहीत पाच उत्तरे लिहून काढावीत: सरावाचे तास किती, एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती, प्रत्यक्ष माणसांच्या हातांवर काम किती वेळा, काढणे व रिफिल शिकविणार का, आणि प्रमाणपत्र कोण देणार. ज्या संस्थेकडून ही पाचही उत्तरे लेखी मिळतील, तिचे शुल्क थोडे अधिक असले तरी तिचा विचार आधी करावा. उत्तरे टाळली गेली, तर दुसऱ्या संस्थेत चौकशी करण्यास संकोच बाळगू नये.